सायकलवाल्यांनाही हेल्मेट सक्तीचं करा (हो, पुण्यात राहून म्हणतोय)

चेनकव्हर

गेल्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पाषाणहून सूसच्या खिंडीकडे जाताना पडलो. कोणी धडक दिली नाही, खड्डाही नव्हता. रात्री कुठल्यातरी डंपरमधून सांडलेली बारीक खडी वळणावर पसरली होती. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या अंगावर आडवा. कोपर, गुडघा सोलला. घरी येऊन हेल्मेट काढलं तर वरचं कवच नुसतं खरवडलेलं, पण आत डाव्या कानाच्या वर थर्माकोलला करंगळीचं नख जाईल एवढी भेग. डोक्याला साधं टेंगूळही नाही. बायकोने ते हेल्मेट शोकेसमध्ये मांडलंय, बक्षिसाच्या कपाशेजारी.

तेव्हापासून डोक्यात एकच. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम दुचाकीवाल्याला हेल्मेट घालायला लावतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. सायकल मात्र मोटार वाहनच नाही, म्हणून तिच्याबद्दल कायदा गप्प. आपण ब्रेव्हेला (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) जातो तेव्हा हेल्मेटशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभंही राहू देत नाहीत. व्यावसायिक शर्यतीतले लोकही आधी कुरकुर करत होते. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला आणि त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचं झालं. आज कोणी त्यावर चकार शब्द काढत नाही.

मग रस्त्यावरच्या सायकलवाल्याचं डोकं स्वस्त का? माझं मत : सरसकट सक्ती, दंडासकट. बोला.

सदाशिवपेठी

लागलं फार नाही हे बरं झालं. काळजी घ्या.

पण सक्ती म्हणाल तर आम्ही ती भोगलेली पिढी. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. अंधार पडला की दिवा लागायचा. डबलसीट गुन्हा होता. पकडलं की हवालदार शांतपणे वाकून दोन्ही चाकांची हवा सोडायचा, आणि ती 'फुस्स' ऐकत आपण उभे. त्याने काय झालं? चौक जवळ आला की मागचा उडी मारायचा, सभ्य माणसासारखा शंभर पावलं चालायचा आणि चौक ओलांडला की पुन्हा कॅरिअरवर. दिव्याचंही तेच. पोलिस दिसला की डायनॅमो चाकाला टेकवायचा, पुढे गेलं की उचलायचा, कारण पायडल जड जातं.

स्कूटरवाल्यांचं तर ताजंच आहे. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती लावली तेव्हा याच शहरात मोर्चे निघाले. आजही निम्मे लोक हेल्मेट कोपरात अडकवून फिरतात. जणू काही मेंदू तिथेच आहे. (काहींच्या बाबतीत शंका घ्यायला जागा आहे.)

टाकेघाले

सरकारी रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात आहे, म्हणून लिहितो.

कवटी फुटणं हा त्यातला दिसणारा भाग. डोकं रस्त्यावर आपटून थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही, तो पुढे जाऊन कवटीवर आदळतो. मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात आणि रक्त साचायला लागतं. पेशंट उठून बसतो, 'काही नाही झालं' म्हणतो, चहा पितो, आणि कधीकधी काही तासांनी उलट्या करत आमच्याकडे येतो. हेल्मेटचं थर्माकोल चिरडतं म्हणजे डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जास्त मिळतात. सगळा खेळ त्या सेंटिमीटरांचा आहे. (आणि ते एकदाच चिरडतं. शोकेसमध्ये ठेवलंत ते योग्य केलंत, पुन्हा घालू नका.)

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिए आणि क्रायटन यांनी चाळीस अभ्यास एकत्र करून चौसष्ट हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. हेल्मेट असलेल्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी निघाली. यावर आणखी काय वाद घालायचा मला कळत नाही. धागाकर्त्याशी, म्हणजे ही चर्चा सुरू करणाऱ्या चेनकव्हरशी, पूर्ण सहमत.

उलटतपासणी

डॉक्टर, वाद हेल्मेटवर नाहीच, कायद्यावर आहे. मी स्वतः हेल्मेट घालतो. घरच्यांनाही घालायला लावतो.

तुमच्याकडे येतो तो पडलेला माणूस. कायद्यामुळे ज्याने सायकलच सोडली तो तुमच्याकडे वीस वर्षांनी दुसऱ्या विभागात येतो, मधुमेह घेऊन. १ जुलै १९९० ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जगात पहिल्यांदा सर्व वयाच्या सायकलस्वारांना सक्ती केली. वर्षभरात हेल्मेट घालणारे ३१ टक्क्यांवरून ७५ वर गेले, डोक्याच्या दुखापती उतरल्या. कौतुक आहे. पण रस्त्यावर मोजणी केली तर शाळा-कॉलेजच्या वयाची पोरं सायकलवर पूर्वीपेक्षा खूप कमी दिसली. मग दुखापती किती हेल्मेटमुळे उतरल्या आणि किती सायकली कमी झाल्यामुळे, यावर तिथले संशोधक तीस वर्षं भांडताहेत.

दुसरं, हेल्मेटची परीक्षा कशी घेतात ते बघा. युरोपचं ईएन १०७८ हे मानक आहे. त्यात साधारण दीड मीटरवरून टाकतात, म्हणजे आपटताना वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत. धागाकर्त्यासारखं आपण होऊन पडण्यासाठी ते बनवलंय आणि तिथे ते काम करतं. मागून सत्तरच्या वेगाने येणाऱ्या टेम्पोसाठी नाही.

शिवाय २००७ मध्ये बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकरने सायकलला सेन्सर लावून मोजलं : हेल्मेट घातलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या. त्यालाच त्या प्रयोगात दोनदा धडक बसली. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं.

टाकेघाले

वॉकरचे तेच आकडे २०१३ मध्ये पुन्हा तपासले गेले. खरोखर धोकादायक, म्हणजे मीटरच्या आतून जाणाऱ्या गाड्या वेगळ्या काढल्या तर हेल्मेट असण्या-नसण्याचा संबंध उरला नाही. दीड मीटरऐवजी एक मीटर एक्केचाळीस, याने कोणी मरत नाही. अर्धी गोष्ट सांगू नका.

मधुमेहाचा मुद्दा मात्र मान्य. त्या विभागात जागा नसतेच.

उलटतपासणी

मान्य, साडेआठ सेंटिमीटर मागे घेतो. बाकी सगळं जागेवर.

यारेकाठची

मेलबर्नमध्ये चौदा वर्षं आहे, रोज सायकलने ऑफिसला जाते. इथे यावर वाद असतो हेच मुलांना कळत नाही. त्यांच्या लेखी हेल्मेट हा सायकलचाच भाग, बेलसारखा. दंड दोनशे डॉलरच्या वर आहे, पण मी आजवर भरलेला नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये ७१ डॉलरचा दंड एकदम ३१९ केला तेव्हा मात्र इथेही लोक चक्रावले होते.

पण एक गंमत सांगते. २०१० मध्ये शहराने भाड्याच्या निळ्या सायकली आणल्या. पॅरिसला, लंडनला तुडुंब चालणारी योजना. इथे माणूस ट्रामने उतरायचा, सायकल समोर उभी, पण हेल्मेट कुठाय? मग दुकानांतून पाच डॉलरला हेल्मेटं विकायला ठेवली. मग सायकलींनाच अडकवून ठेवली. पावसात भिजलेलं, कोणाकोणाच्या डोक्यावरून आलेलं ते हेल्मेट मी एकदा उचललं, आत वास घेतला आणि चालत गेले. २०१९ मध्ये योजना बंद झाली. कारणं बरीच होती, पण तो वास त्यातलं एक होताच. मेक्सिको सिटीने अशीच योजना आणली तेव्हा २०१० मध्ये हेल्मेटचा कायदाच काढून टाकला.

तरी मी सक्तीच्याच बाजूने. पण इथे सक्ती आली तेव्हा सात-आठ वर्षं शाळांमधून समजावणं आणि सवलतीत हेल्मेटं देणं झालेलं होतं, हे लक्षात घ्या. कायदा शेवटी आला.

सपाटप्रदेश

नेदरलँड्समधून हजेरी. इथे हेल्मेट घातलेला माणूस दिसला तर तो एकतर शर्यतीचा सराव करतोय किंवा जर्मन पर्यटक आहे. आजी, पंतप्रधान, पुढच्या पेटीत तीन पोरं घेऊन जाणारी आई, सगळे बोडक्या डोक्याने.

आणि इथले सुरक्षित रस्ते काही पूर्वापार नाहीत. १९७१ साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच 'बालहत्या थांबवा' होतं. मागणी हेल्मेटची नव्हती, रस्त्यांची होती. आज माझा आठ वर्षांचा मुलगा एकटा शाळेत जातो, आणि मोटार त्याच्या सायकलपासून झाडांच्या एका रांगेपलीकडे असते.

अवांतर : अलीकडे इथलेही डॉक्टर हेल्मेटाचा आग्रह धरू लागलेत. बॅटरीच्या सायकलींवर म्हातारे जोरात जाऊन पडताहेत. ताशी ४५ पर्यंत जाणाऱ्या वेगवान ई-सायकलला तर हेल्मेट सक्तीचंच आहे.

सदाशिवपेठी

सायकल ट्रॅक आमच्याकडेही आहेत हो. त्यावर भेळेची गाडी, दोन रिक्षा आणि एक डीपी बॉक्स असतो. सायकल तेवढी बसत नाही.

बाई_आठवी_ब

परभणी जिल्ह्यात शिक्षिका आहे. तुमचं सगळं वाचलं. आमच्या बाजूचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

आमच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. आठवी ते बारावीच्या, लांबून चालत येणाऱ्या गरजू मुलींना, राज्यातल्या १२५ तालुक्यांत. ती सायकल आली म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आठवीनंतर 'आता पुरे' म्हणणारा बाप गप्प बसतो. माझ्या वर्गातली एक मुलगी चार किलोमीटरवरून येते, कॅरिअरवर धाकटी बहीण आणि हँडलला दोन दप्तरं. दोन घट्ट वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या. त्यावर तुमचं हेल्मेट कसं बसतं ते आधी मला कोणीतरी करून दाखवा.

चांगलं हेल्मेट हजार-दीड हजाराला पडतं असं म्हणतात. सायकलीसाठीच मिळतात पाच हजार. उद्या दंडाचा कायदा झाला तर पोलिस तिला अडवणार नाही कदाचित, पण बापाला कारण मिळेल.

आणि आमची पोरं पडून मरत नाहीत हो. ऊस सुरू झाला की संध्याकाळी पाचनंतर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. शाळा सुटल्यावर मी फाट्यावर उभी राहते आणि मुली वळेपर्यंत बघते. थंडीच्या दिवसांत तर रोज.

उलटतपासणी

बाई, मला जे चार परिच्छेदांत जमलं नाही ते तुम्ही वेण्यांत बांधलंत.

धागाकर्त्याला एकच विचारतो : दंड कोणाला होणार? तुम्ही तर घालताच. मी घालतो. रस्त्यावर हेल्मेटशिवाय सायकल चालवतो तो गवंडी, वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा, स्टेशनबाहेर इडली विकणारा अण्णा. अमेरिकेत सिअॅटलच्या किंग काउंटीत कित्येक वर्षं सक्ती होती. आकडे काढले तर पावत्या बेघर लोकांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या नावावर त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त. २०२२ मध्ये कायदा रद्द केला. तिथे ते रंगावरून झालं, इथे कपड्यांवरून होईल.

पायडलमार

जपानसारखं करता येईल की. एप्रिल २०२३ पासून तिथे सगळ्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालायचा 'प्रयत्न करावा' असा कायदा आहे. दंड नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून फक्त बारा वर्षांखालच्यांना सक्ती.

सदाशिवपेठी

'प्रयत्न करावा' हे जपानी माणसाला सांगा. पुण्यात सांगितलंत तर 'प्रयत्न केला, जमलं नाही' असं लेखी देतील, खाली सही करून.

चेनकव्हर

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण देता येत नव्हतं.

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मुद्दाम विचारलं. तो सुतारवाडीहून येतो, रात्री अकराला परत जातो. म्हणाला, "साहेब, हेल्मेट दिलं तर घालीन की. पण आधी तो पुलाखालचा दिवा लावा." मी रविवारी सकाळी हौसेने चालवतो, तो रोज रात्री गरजेने. कायदा माझ्या डोक्यावरून मोजून त्याच्या खिशाला लावायला निघालो होतो. 'सरसकट' आणि 'दंडासकट' हे दोन्ही शब्द मागे घेतो.

पण सगळं मागे घेत नाही. त्या बॅटरीच्या छोट्या स्कूटर बघा : मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ च्या आत, म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही, हेल्मेट नाही. कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही. पार्सल पोचवणारी पोरं दिवसभर त्यावर असतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पंचवीसला थांबत नाहीत हे रस्त्यावरचं कुत्रंही सांगेल. तिथे सक्ती करा, आणि हेल्मेट कंपनीने द्यायचं, पोराने नाही. दंडही कंपनीला.

टाकेघाले

याला माझा अंगठा. आमच्याकडे रात्री येणाऱ्यांत ही पोरं वाढताहेत.

सरसकट सक्ती मात्र मी मागे घेत नाही. बाईंचा मुद्दा खरा आहे, पण सायकलीसोबत हेल्मेट दिलं तर बापाला कारण उरत नाही. वेण्या खाली सोडाव्या लागतील एवढंच.

बाई_आठवी_ब

डॉक्टर, शाळेचा नियम वेण्या वर बांधण्याचा आहे! तो बदलायला मीच मुख्याध्यापकांशी भांडते. द्या हेल्मेटं, घालून बघू.

चेनकव्हर

बाई, आमच्या ग्रुपकडे मागच्या ब्रेव्हेची रिफ्लेक्टर टेप उरली आहे, सहा-सात रोल. ट्रॉल्यांना लावायला चालेल का? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाई_आठवी_ब

लाल असेल तरच पाठवा. मागे एकांनी पांढरी दिली होती, ती मुलींनी सायकलच्या हँडलला गुंडाळली, छान दिसते म्हणून. ट्रॅक्टरवाल्यांना मी कारखान्याच्या गेटवरच गाठते, सोमवारी तिथे रांग असते.