अनुभव धागा : म्तो वा म्बू, डासांच्या नदीकाठचा बाजार

टांझानियाला जाऊन आलेल्या मंडळींनो, एक विनंती. सिंह, बिबट्या, गेंडा यांचे फोटो आणि किस्से आपण सगळ्यांनी पोटभर पाहिले-ऐकले. या धाग्यावर प्राणी नकोत. अरुशाहून न्गोरोंगोरोकडे जाताना, मन्यारा सरोवराच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाला खेटून एक गाव लागतं, म्तो वा म्बू. तिथल्या स्वाहिली भाषेत म्तो म्हणजे नदी, म्बू म्हणजे डास. बहुतेकांची जीप तिथे पंधरा मिनिटं थांबते. पाण्याच्या बाटल्या, स्वच्छतागृह, लाल केळ्यांची एक फणी, की निघाली. जे रेंगाळले त्यांनी लिहावं. मोठं-छोटं, गोड-कडू, काहीही चालेल.

सुरुवात मीच करते. पुढचा घाट चढल्यावर गाडी थांबवून मागे वळून पाहिलं तर खाली सगळा करडा-पिवळा माळ आणि मधोमध हा एकच हिरवागार तुकडा. डोंगरात मुरलेलं पाणी कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं. १९५० च्या दशकात तिथे पाटाचं पाणी आलं आणि देशभरातून माणसं शेती करायला येऊन राहिली. उद्यान झालं त्यानंतर, १९६० साली. टांझानियात १२० हून जास्त जमाती, आणि त्यातल्या बहुतेक आमच्या गावात सापडतील असं तिथला प्रत्येक जण छाती फुगवून सांगतो. मोजायला मी काही थांबले नाही. पण एकाच रस्त्यावर लाल शुका पांघरलेला मसाई, केळ्यांचा घड सायकलवर लादलेला चग्गा आणि दारात बसून लाकूड कोरणारा माकोंडे, एवढे मी स्वतः पाहिले.

पेणचा भातवाला

आमच्या घरची भाताची गिरणी, त्यामुळे माझं लक्ष कुठे गेलं असेल ते सांगायला नको. गावामागे चालत गेलो तर थेट भातशेती. चिखलणी झालेली, बांध घातलेले, बायका वाकून ओळीने लावणी करतायत. घाटावरच्या लोकांना त्यात काय ते कळणार नाही, पण मी पाच हजार किलोमीटर उडून आमच्याच खाचरात उतरलो की काय असं वाटलं.

पण खरी मजा बाजारात. इंग्रजीत शेतात उभा असला, पोत्यात असला की ताटात असला, बहुतेक वेळा एकच शब्द, राइस. आमचा वाटाड्या मात्र शेतातल्याला म्हणाला म्पुंगा. बाजारात ढीग होता तो म्चेले. दुपारी ताटात आला तो वाली. म्हटलं, हे बरोबर आहे, साळ, तांदूळ आणि भात. बाजूला तुकडा तांदूळ वेगळा लावलेला, त्याला च्येंगा. म्हणजे कणी. मी मूठभर घेऊन वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. विकणारी बाई आतापर्यंत पर्यटक म्हणून माझ्याशी हसून बोलत होती. ती एकदम गंभीर झाली आणि तिने मागचं, झाकलेलं पोतं उघडलं!

बायकोसोबत गेलेला

तीन दिवस राहिलो. नावाची धास्ती घेऊन डासांचं मलम तीन ट्यूब नेलं होतं. गावात एकही चावला नाही. परतताना विमानतळावर चावला. मलेरियाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून घ्याच, माझ्या भरवशावर राहू नका.

लातूरकर

माझा मुलगा अरुशात नोकरीला आहे, म्हणून जाणं झालं. मी शेतकरी माणूस, हत्ती बघून झाल्यावर म्हटलं मला बाजार दाखवा.

कडधान्याच्या ओळीत पोहोचलो तर समोर तूर. त्यांचं नाव म्बाझी. दाणा आमच्यापेक्षा टपोरा, पांढरट. शेजारी मूग, चवळी, राजमा. तूर हातात घेतली आणि मुलाला म्हटलं, ही विचार कुठली. बाबाती आणि करातूकडची, असं कळलं. तिथला शेतकरी ती मुख्यतः आपल्यासाठी पिकवतो. घरात रोज लागतो तो राजमा.

आता थोडं मागचं सांगतो. २०१६ ला आमच्याकडे पाऊस चांगला झाला, तूर अमाप आली. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, माणसं पोत्यांवर झोपलेली. मी स्वतः चार रात्री काढल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आम्ही म्हटलं, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

तर हा दुकानदार, माझ्याच वयाचा, मी इंडियाचा म्हटल्यावर मुलाला म्हणतो, यांना विचार, त्या वर्षी तुम्ही दार का लावून घेतलंत? त्याच्याकडे घरात तूर पडून राहिली होती. घ्यायला कुणी येईना, भाव मातीत गेला. त्याने पुढच्या वर्षी निम्म्या रानात मका केला. मुलगा भाषांतर करत होता आणि मी त्या ढिगातले खडे निवडत बसलो होतो. काय सांगणार? माझ्या चार रात्री आणि त्याची पडलेली तूर, दोन्ही एकाच वर्षातल्या. २०२१ ला आयात पुन्हा खुली झाली. तेव्हा आम्ही शिव्या घातल्या, तो बहुधा खूश झाला असेल.

मग बोलता बोलता मापावर गाडी आली. बाजारात किरकोळीला 'सादो' चालतो, रंग बनवणाऱ्या एका कंपनीचा चार लिटरचा डबा. मोठं माप 'देबे', म्हणजे वीस लिटरचा पत्र्याचा डबा, आणि शब्दही आपल्या डब्यावरूनच गेलेला. टोमॅटो-कांद्याचे ढीग असतात त्यांना 'फुंगू', आपण म्हणतो वाटा. पण व्यापारी शेतावर येतो तेव्हा पोतं तोंडापर्यंत भरून वर अजून जाळी लावून ढीग चढवतो आणि भाव देतो एका पोत्याचा. त्याला 'लुंबेसा' म्हणतात. कायद्याने बंद आहे. चालू आहे. मी त्याला आमचा कडता समजावून सांगितला. पोत्यामागे उगीच दोन किलो कापायचे ते. तो इतका हसला की शेजारच्या दुकानातून माणसं बघायला आली. मला बसायला स्टूल दिलं, आल्याचा चहा दिला. हत्तींचं मला फारसं आठवत नाही आता.

वैतागलेला

सगळे एवढं छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू. आम्हाला ड्रायव्हरने ज्या दुकानात 'फक्त पाच मिनिटं' म्हणून उतरवलं तिथे चाळीस मिनिटं अडकलो. त्याचं कमिशन ठरलेलं असतं हे नंतर कळलं. 'काळं शिसवी लाकूड आहे' म्हणून घेतलेला मुखवटा पुण्यात आल्यावर ओल्या फडक्याने पुसला तर फडकं काळं, मुखवटा पांढरा. बूटपॉलिश! खऱ्या म्पिंगोचं, म्हणजे तिथल्या त्या काळ्या झाडाचं, लाकूड हातात घेतल्याबरोबर जड लागतं, आणि खाली, जिथे पॉलिश पोहोचत नाही तिथे, नखाने खरवडून बघायचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

टिंगाटिंगा चित्रं मात्र चांगली मिळाली. हार्डबोर्डवर सायकलच्या रंगाने काढायची ही पद्धत एडवर्ड सैदी टिंगाटिंगा यांनी १९६८ च्या सुमारास दार-एस-सलाममध्ये सुरू केली. चार वर्षांत ते गेलेही. आज त्यांच्या नावावर सगळा देश जिराफ काढतोय. मी ठिपक्यांच्या माशांचं घेतलं, निम्म्यात. तरी महाग पडलं असणार.

दारवाली (दार-एस-सलामला अकरा वर्षं)

वैतागलेले भाऊ, कमिशनचं खरं आहे. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत गेलात की भाव आणि माणसं दोन्ही बदलतात.

तीन गोष्टी सांगते. एक, वयाने मोठ्या माणसाला आधी 'शिकामू' म्हणायचं. ते 'मरहबा' म्हणतात, मग पुढचं बोलणं. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्याशिवाय आजोबा विषयाला हात घालत नाहीत तसंच. तिथे गेल्या गेल्या मी उत्साहात एका आठ वर्षांच्या मुलाला शिकामू म्हटलं, त्याने भर बाजारात 'मरहबा, बाळा' करून माझी जिरवली. आणि ते 'हाकुना मटाटा' फक्त पर्यटकांसाठी राखून ठेवलेलं असतं. आपसात 'हम्ना शिदा' म्हणतात.

दोन, घड्याळ. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. माझे सासू-सासरे म्तो वा म्बूहून अरुशाला यायचे होते, गाडीवाल्याने 'सा तातू' सांगितलं. सासऱ्यांना आकडे येत होते, तातू म्हणजे तीन, म्हणून दोघं निवांत जेवून अडीचला थांब्यावर. गाडी सकाळी नऊलाच गेलेली. संध्याकाळी एका नोआ व्हॅनमध्ये, मांडीवर कुणाची तरी कोंबडी घेऊन आले. सासूबाई ते अजून सांगतात, सासरे अजून विषय बदलतात.

तीन, गावात फिरायला 'बजाजी' करा. हो, आपली तीनचाकी रिक्षा. कंपनी कुठलीही असो, टांझानियात तिला बजाजीच म्हणतात. बजाज कंपनीच्या आकुर्डीत सासर असलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते आकुर्डीकरच जाणोत.

कॅमेरावाला

लिहू की नको असं करत होतो. गुरांच्या बाजारात, म्नादा म्हणतात त्याला, एक म्हातारा मसाई काठीवर रेलून उभा होता. मी लांबून, मोठ्या लेन्सने, न विचारता फोटो काढला. त्याला कळलं. ओरडला वगैरे नाही. चालत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हातांची चौकट करून, एक डोळा मिटून, माझा फोटो काढल्याचा अभिनय केला. मग हात पुढे केला, पैसे दे म्हणून. आजूबाजूला हशा. मी फोटो त्याला दाखवून पुसला. नंतर त्यानेच हाताने खूण केली, आता काढ. काढला नाही. तेव्हा धीर झाला नाही, आणि आता तो फोटो नाही याची हळहळ वाटते, असं दोन्ही आहे.

नाशिकची आजी (नातीकडून टाइप करून घेत आहे)

माझे गुडघे दुखतात, म्हणून मुलगा-सून-नातवंडं सकाळी सहाला जीपमधून गेली आणि मी गावातच राहिले. मुलगा हॉटेलवरच्या मुलीला दहा वेळा सांगून गेला, आईकडे लक्ष दे. ती मुलगी हुशार. तिने मला एका तासात उचलून मागच्या गल्लीत तिच्या आईकडे नेऊन बसवलं, कारण तिलाही काम होतं!

तिची आई रस्त्याच्या कडेला व्हितुंबुआ करून विकते. समोर कोळशाची शेगडी, त्यावर लोखंडी पात्र, सात खळग्यांचं. मी बघतच राहिले. अहो, आपलं आप्पेपात्र! तांदूळ भिजवून वाटलेले, नारळाचं दूध, साखर, वेलची. उलटायला तिच्याकडे एक तार, माझ्याकडे घरी विणकामाची सुई असते तेवढाच फरक.

बोलायची पंचाईत. तिला स्वाहिली, मला मराठी. पण चाय म्हटलं की चहा, सुकारी म्हटलं की साखर, चपाती तर चपातीच. काकडी-कांद्याची कोशिंबीर तिने पुढे केली तिला म्हणाली कचुंबारी. नात म्हणते, हे सगळं जहाजांमधून इकडून तिकडे गेलं. गेलं असेल.

मग तिने नारळ खवायला घेतला. बुटकं लाकडी स्टूल, पुढे दातेरी लोखंडी जीभ, त्यावर बसून खवायचं. त्याला म्हणतात म्बुझी, म्हणजे बकरी. खवणीला बकरी! मला राहवलं नाही, तिला उठवलं आणि मीच बसले. वाटी फिरवत फिरवत करवंटीचा काळा कण न येऊ देता दोन नारळ खवले. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. ती सगळ्यांना काहीतरी सांगत होती, बहुतेक माझं कौतुक. उठताना मात्र गुडघे अडकले, दोघींनी काखेत हात घालून ओढून काढलं, आणि सगळ्या हसलो.

निघताना तिने दहा व्हितुंबुआ कागदात बांधून दिले, पैसे घेईना. माझ्याकडे देण्यासारखं पिशवीत काही नव्हतं. विणकामाची सुई असती तर ती दिली असती. शेवटी अंबाड्यावरचा पिन काढून दिला, मोती लावलेला.

मुलं संध्याकाळी आली, तिथले झाडावर चढणारे सिंह दिसले नाहीत म्हणून खट्टू झालेली. आठ व्हितुंबुआ उरले होते ते दोन मिनिटांत संपले.

घरी तीनदा करून पाहिले. चव येते, पण फुगत नाहीत, मध्ये बसतात. दारवाली बाईंनी सांगावं.

दारवाली

आजी, शिकामू! तांदूळ रात्रभर भिजवा आणि अगदी बारीक वाटा, इडलीसारखं रवाळ ठेवू नका. नारळाचं पहिलं, घट्ट दूधच घाला. चिमूटभर यीस्ट लागतं, ते त्या बाईंनी तुम्ही यायच्या आधीच घातलं असणार म्हणून तुम्हाला दिसलं नाही. ऊबदार जागी तासभर झाकून ठेवा. खळग्यात तेल चांगलं तापल्याशिवाय पीठ ओतायचं नाही, आणि खळगा काठोकाठ भरायचा नाही. पुढच्या खेपेला मध्ये बसले तर आच कमी पडतेय.