एनबीए स्ट्रीट व्हॉल्यूम 2: लेव्हल टू गेमब्रेकर जमतच नाहीये, कोणी सांगा रे

पोहे_जिलेबी_07:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहून राहिलो. दिवाळीच्या आवराआवरीत आत्याकडच्या माळ्यावर दादाचा जुना पीएस टू सापडला, तोच जाडा काळा, चिप लावलेला, आणि रेक्झिनच्या पाउचमधे पंधरा-वीस सीड्या, सगळ्यांवर मार्करनं नावं. त्यातली एक "स्ट्रीट 2", म्हणजे तीन-तीन जणांच्या गल्लीतल्या बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम. लहानपणी हा गेम मी खेळलोच नाहीये, दादा आणि त्याचा मित्र खेळायचे आणि मला पाटी देऊन स्कोअर लिहायला बसवायचे. आणि ते गेमब्रेकर, म्हणजे ट्रिक करून मीटर भरला की मारता येतो तो स्पेशल शॉट, झालं की माझी पंचाईत, कारण मारणाऱ्याचे पॉइंट वाढायचे ते ठीक पण समोरच्याचे कमी पण व्हायचे, म्हणजे लिहिलेलं खोडा, मग दादा ओरडणार की खोडलं कशाला.
तर आता स्वतः खेळून राहिलो आणि हारून राहिलो. मीटर भरला की लगेच गेमब्रेकर मारतो, 17-13 वगैरे आघाडी येते आणि तिथून कॉम्प्युटर येऊन 22-20 नी घेऊन जातो. दादा लेव्हल टू वाला मारायचा, त्यात सिनेमासारखं सगळं स्लो व्हायचं. तो कसा लागतो? दादाला विचारलं तर म्हणे विसरलो, ईएमआय सोडून काही आठवत नाही.

जेलरोड_जुना:
भिया, तुझा प्रॉब्लेम "लगेच" या शब्दात आहे. 2001 चा पहिला स्ट्रीट खेळलेल्या सगळ्यांना ही सवय असते, कारण त्यात मीटर भरला, मारला, संपलं. 2003 च्या दुसऱ्या भागात त्यांनी ही एक गोष्ट बदलली आणि माझ्या मते अख्खा गेम बदलला. मीटर एकदा भरला की मारू नकोस, तसाच खिशात ठेव आणि ट्रिक करत राहा, दुसऱ्यांदा भरला की तो लेव्हल टू. त्यात पॉइंट पण जास्त आणि तुझ्या टीमचे बाकीचे दोघं पण खेळात येतात, तू म्हणतोस तो सिनेमा तोच.
पण खरी मजा कधी मारायचा यात आहे. लोक 19 वर असताना मारतात, अरे 21 ला तुला दोनच पाहिजेत, बाहेरून एक टाकला की दोन पॉइंट, झाले. तो मारायचा समोरचा 16-17 ला आला की, म्हणजे त्याचे कापले जातात आणि त्याला पुन्हा चढायला लागतं. आणि 21 ला दोनचा फरक लागतो हे लक्षात ठेव, 21-20 ला मॅच संपत नाही, तुझे 22-20 तिथेच होतात. अर्थात खिशात ठेवण्यात धोका आहेच, एखाद्या वेळी ठेवून ठेवून मॅचच हातची जाते. मी असा बर्‍याचदा हारलोय, लग्नातल्या सूटसारखं, जपून ठेवला आणि नंतर बसेना.

तीन_बाय_तीन_ताई:
जुन्या दादांनी बरोबर सांगितलं. मी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला खेळायची, आता गुडघा नाही म्हणतो. मला गंमत वाटते की गेममधे जे होतं ना, तीन-तीन जण, आतून टाकला तर एक पॉइंट, बाहेरून दोन, 21 पर्यंत, हेच आता थ्री बाय थ्री म्हणून टोकियो ऑलिम्पिकमधे पण आलं. फक्त तिकडे 10 मिनिटं, शॉटला 12 सेकंद, 21 झाले की खेळ खलास, दोनचा फरकबिरक नाही. आणि फाउल असतात! गेममधे धक्का देऊन बॉल घेतला तरी कोणी शिटी मारत नाही, आमच्या सरांनी पाहिलं असतं तर टीव्ही बंद केला असता.
पोहे, तू आधी मेनूमधल्या स्ट्रीट स्कूलमधे जाऊन ये. सगळे ते सोडून थेट मॅच लावतात. आणि डंकच्या, म्हणजे उडी मारून रिंगमधे बॉल कोंबायच्या, मागे लागू नकोस सारखा, ब्लॉक शिक. कॉम्प्युटर तुला शेवटी हरवतो कारण तू तेव्हा बचाव सोडून ट्रिक करत असतोस, पैज लाव.

मारिओभक्त:
हे सगळं सोडा आणि व्हॉल्यूम 3 घ्या, 2005 चा, निन्टेंडोच्या गेमक्यूबवर त्यांचेच मारिओ, लुइजी आणि पीच डंक मारतात, याच्यापुढे काय आहे

जेलरोड_जुना:
@मारिओभक्त गेमक्यूब इंदुरात कोणाकडे होता ते आधी सांग. तिसरा दिसायला भारी आहे पण मला तो जड वाटतो. दुसऱ्यात रकर पार्क आहे, न्यूयॉर्कच्या हार्लेमचं ते खरं मैदान जिथे डॉक्टर जे, म्हणजे एनबीएचा ज्युलियस अर्व्हिंग, उन्हाळ्यात खेळायचा, न्यूयॉर्कचा डीजे बॉबिटो गार्सियाची कॉमेंट्री आहे, रॅपर नेली स्वतः टीममधे आहे, मायकल जॉर्डन वेगवेगळ्या वयातला आहे. आणि तो गेमवाल्यांनीच बनवलेला प्लेअर स्ट्रेच, डॉक्टर जे सारखे केस वाला. एवढं एका सीडीत.

पोहे_जिलेबी_07:
झालं!! ताई, पैज तुम्ही जिंकल्या, मी खरंच बचाव सोडून नाचत होतो. काल रात्री 14-16 ने मागे, मीटर खिशात, अंगठा नुसता खाजत होता, नाही मारला. समोरचा 18 ला गेला, तेवढ्यात दुसऱ्यांदा भरला, मारला, आणि सोफ्यावर उभा राहिलो तर आईला वाटलं करंट लागला. मॅच 21-17 नी घेतली. दादाला व्हिडिओ कॉल लावला तर पाच मिनिटं नुसता स्क्रीन बघत बसला, मग म्हणे रविवारी येतो, पाटी आहे का अजून.
एकच लोचा, मेमरी कार्ड सेव्ह घेत नाहीये, 8 एमबी वालं आहे, फुल दाखवतं. त्यात दादाच्या क्रिकेटच्या सेव्ह फाइली आहेत. उडवू का?

तीन_बाय_तीन_ताई:
विचारून उडव. नाहीतर रविवारी घरी फाउल होईल.