मदत हवी आहे: चाळीतल्या ज्येष्ठांच्या वर्गासाठी जागा, शिकवणारे आणि थोडा सल्ला

मंडळी, नमस्कार.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज बुधवार, आणि आज वर्ग भरला नाही, म्हणून बसलेच लिहायला.

मी नायगावला राहते. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या जूनपासून आमच्या आणि शेजारच्या चाळीतल्या साठीपुढच्या माणसांचा वर्ग दर बुधवारी दुपारी घेते. चौघींपासून सुरुवात झाली, दिवाळीपर्यंत १९ जण यायला लागले. सगळ्यात धाकट्या ६२ च्या, थोरल्या आजी ८१ च्या. सगळे मला "बाई" म्हणतात. आजींना यायला उशीर झाला तर त्या दारात थांबून "बाई, आत येऊ का?" असं विचारतात. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की त्यांना ते विचारायचंच असतं. पाठच्या भावंडांना सांभाळायला म्हणून तिसरीत शाळा सुटली त्यांची.

सुरुवात झाली ती हयातीच्या दाखल्यावरून. आजींना मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मागे गिरणीची महिना हजार-बाराशे रुपये पेन्शन येते. दरवर्षी दाखल्यासाठी मशीनवर अंगठा लावायचा आणि दरवर्षी तो उमटत नाही. भांडी घासून घासून रेषाच गेल्यात. आता तो दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो, त्यासाठी आधारचं फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन अॅप लागतात. नातवाने दोन मिनिटांत काढून दिला. मी म्हटलं, झालं ना काम? तर म्हणाल्या, "करतो हो बाई, पण दाखवत नाही. म्हणतो, तुला नाही जमणार, दे इकडे."

वर्ग काढायचं मी त्या दिवशी ठरवलं.

मुलांना शिकवणं वेगळं, हे वेगळं. पहिले चार बुधवार मला कळेचना की सगळ्यांच्या मोबाइलवरची चित्रं जागा सोडून का पळतात, अॅप पुसली का जातात. मग आजींच्या शेजारी बसून त्यांचा हात नीट पाहिला. वयाने बोटाची कातडी कोरडी पडते, काचेला स्पर्श कळत नाही. कळत नाही म्हणून त्या जोरात दाबतात, दाबूनच धरतात, आणि दाबून धरलं की मोबाइलला वाटतं चित्र हलवायचंय. एक काकू तर नोटा मोजताना लावतात तसं बोट जिभेला लावायच्या. आता टेबलावर बँकेत असते तशी ओल्या स्पंजाची डबी ठेवते. बोट टेकवायचं, रुमालाला हलकं पुसायचं, मग मोबाइल. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या. अक्षरं मोठी करणं आणि मराठीत बोलून टाइप करणं हे दोन धडे आधी घेतले, बाकी सगळं त्यानंतर.

पैशांच्या बाबतीत एकच वाक्य फळ्यावर सहा आठवडे लिहून ठेवलं होतं: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. जोड्या करून एकाने फसवणारा व्हायचं, दुसऱ्याने फोन ठेवायचा. फोन ठेवणंच जमत नाही हो या पिढीला! समोरचा बोलत असताना फोन कसा ठेवायचा, उद्धटपणा होतो ना. तो सराव सगळ्यांत अवघड गेला. व्हिडिओ कॉलवर कोणी पोलीस अटक करत नाही, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा, हे मात्र आता सगळ्यांना पाठ आहे.

पण वर्ग मोबाइलपुरता राहिला नाही. पुनर्विकासाचं पत्र घेऊन एक मावशी आल्या, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर त्यांची खोली १८० फुटांची, आणि पत्रात लिहिलं होतं १६.७२. "बाई, १८० ची १६ कशी झाली? लुबाडलं आम्हाला." घरात कोणाला विचारायची सोय नाही, विचारलं तर "तुला काय करायचंय त्यातलं" म्हणतात. त्या बुधवारी मोबाइल बाजूला ठेवले. जमिनीवर खडूने मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन काढला. जुन्या वर्तमानपत्राचे फूट बाय फूट चौकोन कापले आणि मावशींनाच मांडायला सांगितले. ९ पूर्ण बसले, दोन बाजूंना पट्टी उरली. पट्टीत कागद कापून कापून भरले तेव्हा आणखी पावणेदोन चौकोनांएवढे लागले. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये पावणेअकराच्या आसपास चौरस फूट, बरोबर आकडा १०.७६४. मग पत्रातल्या १६.७२ चौरस मीटरला त्याने गुणलं. १८० आले तेव्हा मावशी जमिनीवरच बसून राहिल्या. पुढच्या बुधवारी त्यांनी चौघींना तेच करून दाखवलं, माझ्या मदतीशिवाय.

आता अडचण. वर्ग ज्या सभागृहात भरत होता ते एका संस्थेचं आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नका. सुरुवातीला जागा फुकट दिली. मग बुधवारी वाढदिवस, हळदीकुंकू, बैठका असं करत चारदा आयत्या वेळी वर्ग रद्द झाला. ८१ वर्षांच्या बाईने दोन जिने उतरायचे, रस्ता ओलांडायचा आणि कुलूप बघून परत जायचं. आज तेच झालं. मी पदाधिकाऱ्यांना भेटले तर म्हणाले, "या वयात शाळा कशाला? भजन ठेवा, हॉल कायमचा देतो." माझा भजनाला काहीच विरोध नाही. पण या माणसांना कोणीतरी रमवावं, वेळ घालवून द्यावा असं नकोय. त्यांना समजून घ्यायचंय. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पहिली पाळी करून संध्याकाळी रात्रशाळेत जायचे. या गिरणगावात दमलेल्या माणसाने शिकणं कोणाला विचित्र वाटत नव्हतं. आज का वाटावं?

फांगणे गावची, मुरबाड तालुक्यातली, आजीबाईंची शाळा ऐकून असाल. २०१६ च्या महिला दिनाला सुरू झाली, गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन जातात त्या. गावात होतं, मग मुंबईत का नाही, असं मनात येतं.

तर मला विचारायचंय ते असं. नायगाव, दादर पूर्व, परळ, भोईवाडा या भागात तळमजल्यावरची खोली कुठे मिळेल? दुपारी साडेतीन ते पाच. नातवंडं शिकवणीला गेलेली असतात आणि साडेपाचला पाणी येतं, त्याआधी घरी पोचावं लागतं. थोडं भाडं आम्ही वर्गणीतून देऊ. दुसरं, मी एकटी आहे. १९ जणांच्या हाताशी बसायला निदान पाच-सहा जण हवेत. तिसरं म्हणजे पुरुष टिकत नाहीत. सात आले होते, आता दोन उरले. का ते मला खरंच कळत नाही. आणि शेवटचं, तिघा-चौघांना कमी ऐकू येतं. मी मोठ्याने बोलते, तरी कळत नाही म्हणतात.

---

प्रतिसाद १

ताई, वाचून डोळे भरून आले. वर्तमानपत्राचे चौकोन मी माझ्या सासऱ्यांना आजच करून दाखवणार आहे.

शिकवणाऱ्यांसाठी जवळच्या कॉलेजात जा. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं, आणि मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे गटही बऱ्याच कॉलेजांत असतात. प्राचार्यांकडे न जाता थेट कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना भेटा. जूनअखेर-जुलैमध्ये गेलात तर वर्षाचं नियोजन ठरायच्या आत तुमचा वर्ग त्यात बसेल. एक विनंती: मुलांना पहिल्या दिवशीच सांगा की आजींच्या हातातून मोबाइल घ्यायचा नाही. बोट आजींचंच चाललं पाहिजे.

जागेसाठी गणेशोत्सव मंडळांची कार्यालयं आणि व्यायामशाळा बघा. दुपारी बहुतेक रिकाम्या असतात आणि तळमजल्यावर असतात. फक्त गणपतीच्या आधीचा महिना सोडून द्यावा लागेल.

---

प्रतिसाद २

मी श्रवणतज्ज्ञ आहे. बाई, मोठ्याने बोलू नका, त्याने उलट बिघडतं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही व्यंजनं त्यातच येतात. स्वर नीट ऐकू येतात, म्हणून "आवाज येतो पण शब्द कळत नाही" अशी तक्रार असते. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. त्यात डोक्यावर पंखा असेल तर उरलीसुरली तीही बुडतात. मुंबईत पंखा बंद करा म्हणणं शक्य नाही, पण कमी ऐकू येणाऱ्यांना पंख्यापासून दूर, भिंतीकडे पाठ करून, तुमच्या अगदी समोर बसवा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, खिडकी तुमच्या पाठीमागे नको. नवा शब्द बोलण्याआधी फळ्यावर लिहा. आणि तिघा-चौघांची कानाची तपासणी करून घ्याच. कधीकधी नुसता मळ असतो. यंत्र लागत असेल तर टाळू नका, न ऐकू आल्याने माणूस बोलणं सोडतो आणि मग घराबाहेर पडणंही सोडतो.

---

प्रतिसाद ३

मी स्वतः ७१ वर्षांचा, लालबागचा. पुरुष का येत नाहीत ते सांगतो, रागावू नका. आयुष्यभर ज्याने खात्यात चार पोरांना हाताखाली तयार केलं, त्याला शेजारच्या वहिनींसमोर "मला येत नाही" म्हणणं जड जातं. बायका एकमेकींना विचारतात. आम्ही गप्प बसतो आणि पुढच्या वेळी गुडघा दुखतो.

त्यांना विद्यार्थी म्हणून बोलावू नका, आधी शिकवायला बोलवा. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली ज्येष्ठांसाठी तिसऱ्या वयाचं विद्यापीठ निघालं. पुढे इंग्लंडमध्ये त्याचं जे रूप झालं त्यात बाहेरचा मास्तरच नसतो. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, परीक्षा नाही, पदवी नाही. तुमच्या चाळीत बस आणि वीज दोन्ही बघणाऱ्या बेस्टमधून निवृत्त झालेले असतीलच. एकाला विजेचं बिल वाचायला शिकवू द्या. कोणी पोस्टात असेल, कोणी छापखान्यात. ज्याने एक बुधवार शिकवलं तो पुढच्या बुधवारी बाकावर बसतो, हा माझा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातला अनुभव आहे.

आणि बाई, भजनाबद्दल थोडं. आमच्याकडे दोन्ही चालतं. भजनाला आलेल्या बायकांना अभंगाची वही स्वतः वाचता यावी म्हणून आम्ही मोठ्या अक्षरात लिहून दिली. चार जणी त्यातून वाचायला शिकल्या.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मधे बरंच घडलं.

काका, रागावते कशाला, तुम्ही माझे डोळे उघडलेत. समोरच्या चाळीत बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. सप्टेंबरनंतर ते आलेच नव्हते. घरी जाऊन म्हटलं, अण्णा, विजेच्या बिलावर एक तास घ्याल? तीन दिवस तयारी केली त्यांनी. दहा घरांची बिलं गोळा केली, युनिटचे टप्पे पुठ्ठ्यावर रंगवून आणले. स्थिर आकार कशाला म्हणतात ते मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. वर्ग आमच्याच चाळीच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात, चटया टाकून घेतला. पाच पुरुष आले. पुढच्या बुधवारी अण्णा मोबाइल घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ते अक्षरं मोठी करायचं राहिलंय माझं."

श्रवणतज्ज्ञ ताई की दादा माहीत नाही, पण तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. "पासवर्ड" हा शब्द एका काकूंना सहा महिने कळत नव्हता, "पावड" ऐकू यायचं म्हणे. आधी फळ्यावर लिहिला आणि मग बोलले. त्यांची तपासणीही ठरवली आहे, मुलीशी बोलले. अभंगाची वही मात्र मी आजच लिहायला घेते. भजनाबद्दल मी घाईने बोलले, ते मागे घेते.

कॉलेजच्या प्राध्यापिकाबाईंशी बोलणं झालंय, जुलैपासून सहा मुलं देते म्हणाल्या.

जागेचं मात्र अजून अडलंय. व्हरांडा पावसाळ्यात चालणार नाही, पाणी आत येतं आणि फरशी निसरडी होते. एका व्यायामशाळेची चावी मिळायची शक्यता आहे, पण तिथे तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. कठडा बसवून देणारा कोणी ओळखीचा असेल किंवा १० जूनच्या आत तळमजल्यावर दुसरी खोली कळली तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खर्च आम्ही देऊ. आजींनी आजच विचारलं, "बाई, पुढच्या बुधवारी कुठे यायचं?"