मदत हवी आहे: अ‍ॅनालॉग हीट लावलं की ढोलकीची धुम जाते

ठेका_ठाणे
घरी रेकॉर्ड केलेली ढोलकी एलेक्ट्रॉनच्या अ‍ॅनालॉग हीटमधून (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाला खरखर देणारं, फिल्टरवालं यंत्र) काढतोय. ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचा जोर) जरा वाढवला की धुम (ढोलकीचा खालचा, घुमणारा आवाज) पोकळ होते, पत्र्याच्या डब्यासारखी. आठही सर्किटं (डिस्टॉर्शनचे प्रकार) फिरवून झाली, ईक्यूचा लो वाढवला, फरक शून्य. शनिवारी ट्रॅक द्यायचाय. माहीतगारांनी लवकर सांगा.

कानसेन
जोडलंय कसं? यूएसबीने की इंटरफेसमधून (कॉम्प्युटरात आवाज नेणारा-आणणारा डबा)? इन्सर्ट (अख्खा आवाज हीटमधून) की सेंड (मूळ चालू, फक्त प्रत हीटमध्ये)? वेट/ड्राय (प्रक्रिया केलेला आणि मूळ आवाज यांचं मिश्रण) कितीवर आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार!

संबळवाला
ढोलकीला हाय गेन आणि राउंड फझ ही सर्किटं लावूच नका. मी संबळाला फक्त सॅच्युरेशन लावतो, ड्राइव्ह पाव. विषय संपला.

डबा_स्टुडिओ
कशाला एवढा खटाटोप? हल्ली प्लगइनमध्ये हे सगळं मिळतं. मशीन विकून टाका.

संबळवाला
@डबा_स्टुडिओ फिल्टरचा रेझोनन्स (कापायच्या सीमेवरचा उठाव) वाढवून कटऑफचं (त्या सीमेचं) बटण हाताने फिरवताना जे सापडतं, ते माउसने सापडत नाही. आणि त्यांनी काय विकावं हे विचारलेलंच नाही.

ठेका_ठाणे
प्लगइन नकोय. इंटरफेसच्या लाइन आउट ३-४ मधून हीटमध्ये, तिथून परत इंटरफेसमध्ये. एबलटनमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सेंडवर. हीट पूर्ण वेट. मूळ ट्रॅक अर्थातच चालू आहे, थाप त्यातूनच येते. हेडफोन थेट हीटला लावले तर धुम व्यवस्थित ऐकू येते.

कानसेन
हे आधी सांगायचं ना! हीट ठीक आहे. आवाज बाहेर जाऊन परत येईपर्यंत उशीर होतो आणि उशिरा आलेला आवाज मूळ ट्रॅकवर पडतो. समजा १० मिलिसेकंद उशीर झाला, तर ५०, १५०, २५० हर्ट्झला दोन्ही लहरी उलट्या भेटतात आणि एकमेकींना खातात. नेमकी धुम तिथेच असते.

फेजवाला
फेज उलटी करा (लहर वर-खाली पालटा), एका क्लिकचं काम.

कानसेन
नाही हो. मग खड्डे १०० आणि २०० ला जातील, शिवाय त्याखालचा तळही पातळ होईल. उशीरच जुळवायला हवा. रिटर्न ट्रॅकवर (सेंडचा आवाज जिथे परत येतो) एबलटनचा एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट टाका. एक क्लिक हीटमधून फिरवून रेकॉर्ड करा, मूळ क्लिकपासूनचं अंतर मोजा आणि ते त्या इफेक्टच्या हार्डवेअर लेटन्सीत (उशिराच्या खान्यात) भरा. नाहीतर मूळ ट्रॅक बंद करून हीटच्याच वेट/ड्रायवर मिसळा, तिथे दोघांचा प्रवास एकच.

रेझोनन्स_रत्नागिरी
थोडी दुरुस्ती. फिल्टर स्वतःच फेज फिरवतो, त्यामुळे हीटमध्ये मिसळूनही कटऑफच्या आसपास आवाज थोडा पातळ होऊ शकतो. माझा मार्ग वेगळा: धुम हीटमध्ये पाठवतच नाही. सेंडवर २०० च्या खालचं कापतो, म्हणजे धुमेचा भार पडून शाईच्या (बारीक आवाजाच्या) बाजूचा बोल चिरडत नाही. मग हीटमध्ये मिड ड्राइव्ह, लोपास फिल्टर (वरचा आवाज कापणारा) बराच खाली, रेझोनन्स अर्ध्याच्या वर, एन्व्हलप फॉलोअरवर (आवाजाच्या जोराप्रमाणे हलवणारी सोय) कटऑफ. जोराची थाप आली की फिल्टर उघडतो, हलक्या बोलाला बंदच राहतो. वादकाच्या हातातला जोर थेट आवाजाच्या रंगात उतरतो. ढोलकीला याहून सुंदर काही मी ऐकलेलं नाही.

हार्मोनियम_वेडा
अवांतर: पेटी यातून काढली तर?

संबळवाला
एकेक सूर सुंदर येतो. दोन सूर एकत्र दाबलेत की डिस्टॉर्शन त्यांची बेरीज-वजाबाकी करून नवेच सूर काढतं, रागाबाहेरचे. क्लीन बूस्टच्या पुढे जाऊ नका.

ठेका_ठाणे
@कानसेन लेटन्सी जुळवली, धुम परत आली. मनापासून आभार! @रेझोनन्स_रत्नागिरी फॉलोअर लावला, पण जलद लग्गीत (सलग वेगवान बोलांत) फिल्टर उघडाच राहतो, मिटतच नाही.

रेझोनन्स_रत्नागिरी
फॉलोअरचा रिलीज (मिटायला लागणारा वेळ) कमी करा, दोन बोलांमध्ये मिटायला वेळ मिळाला पाहिजे. तरी नाही मिटला तर कटऑफवरची डेप्थ (फॉलोअर त्याला किती हलवतो ते) उतरवा.