देवावर सोपवलं, पण गजर तर मलाच लावायचा असतो

धाकटी_सून:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. सासूबाई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. सकाळी माझं ऑफिस. त्या आयसीयूत होत्या तेव्हा विश्वास डळमळला नाही. चर्चची सगळी मंडळी उपास-प्रार्थनेत होती, आम्हीही तगलो. आता कुणी विचारत नाही, आणि विचारावं असं काही घडतही नाही. नुसता गजर वाजतो. पहाटे तीनला चादर ओढून त्यांना वळवताना मनात देव नसतो, 'पुढचे दोन तास तरी झोप' एवढंच असतं.

लोक म्हणतात, "ताई, प्रभूवर सोपवा, निश्चिंत व्हा." सोपवलं. पुढे? नणंदेला रात्रीची पाळी घ्यायला सांगावं असं मनात येतं आणि लगेच वाटतं, म्हणजे माझा देवावर भरवसा नाही का? ('कशाचीही चिंता करू नका' हे फिलिप्पैकरांस 4:6 पाठ आहे. कृपया पुन्हा पाठवू नका.)

तटाचा_दगड:
नहेम्या 4:9 बघा. नहेम्या यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधत होता. तो बांधू द्यायचा नाही म्हणून शत्रू टपलेले, तेव्हा एकाच वचनात दोन्ही गोष्टी आहेत: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. पहारा ठेवला म्हणून कुणी नहेम्याचा विश्वास काढला नाही. तुमचा गजर म्हणजे तोच पहारा.

त्याआधी दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो, तुला काय हवं? उत्तर देण्याआधी हा स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. राजासमोर उभं राहून कितीशी करणार? तेवढी पहाटे तीनलाही होते. "प्रभू, हात दे" आणि वळवा.

पहाटस्तुती:
रोज पहाटे चारला उठून तासभर वचन वाचा, सगळा थकवा निघून जाईल. आमेन.

धाकटी_सून:
दादा, चारला कुठे जरा डोळा लागलेला असतो हो!

वॉर्डातली_मावशी:
चारचं राहू द्या, ताई. मी परिचारिका होते, आता निवृत्त. 1 राजे 19 वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे" म्हणत मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. दूत उठवून भाकर-पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगर आणि तिथला देवाचा तो मंद स्वर नंतरचा, चाळीस दिवस चालल्यावर. आपल्या मंडळ्यांमध्ये दमलेल्या बाईला भाकर न देताच होरेबावर पाठवायची घाई फार.

नणंदेला आजच फोन करा. "जमेल तेव्हा ये" असं मोघम नको, "शनिवारची रात्र तुझी" असं सांगा. त्यांचीही आईच आहे ना?

आणि चादर ओढून लिहिलंत म्हणून सांगते, अंगाखालून ओढू नका, घासून कातडी सोलते. पलीकडचा गुडघा वाकवा, खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवा. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू नयेत. डॉक्टरांना हवेच्या गादीबद्दल विचारा, पण ती आणली तरी कूस बदलणं सुटत नाही.

धाकटी_सून:
फोन केला. म्हणाली, "वहिनी, तू कधी बोललीच नाहीस." शनिवार ठरला. मावशी, एक उरलंच. हल्ली प्रार्थनेला बसलं की रागच येतो. तोही देवाचाच.

तटाचा_दगड:
मग तोच सांगा त्याला. स्तोत्र 13 मध्ये दावीद सुरुवातीलाच "कोठवर?" विचारतो, एकदा विचारून थांबतही नाही. शेवटच्या ओळीत गातो खरा, पण आज तिथवर पोचायलाच हवं असं नाही.

वॉर्डातली_मावशी:
रागाचं यांनी सांगितलंच. मी टाचांचं विचारते: लाल दिसतात का? दाबल्यावरही लाली जात नसेल तर शनिवारची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा.