१२० चॅनेलचा मीडिया गेटवे ८० कॉलवरच का अडतो?

हेल्पलाइन_शिवाजीनगर

नमस्कार. पुण्यात शिवाजीनगरला आमचे मुख्य कार्यालय आहे आणि बियाणे, खते व फवारणी यांविषयी शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरे देणारी हेल्पलाइन आम्ही चालवतो. दूरध्वनी कंपनीकडून चार ई-१ पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल वाहून नेणाऱ्या डिजिटल लाइन) येतात, म्हणजे प्रत्येकी ३० याप्रमाणे १२० चॅनेल. त्या एका मीडिया गेटवेवर, म्हणजे दूरध्वनीचा आवाज पॅकेटमध्ये बदलणाऱ्या यंत्रावर, उतरतात आणि तिथून कॉल आयपी नेटवर्कवर जातात. पुण्यातल्या सहकाऱ्यांकडे जी.७११ हा कोडेक (आवाज अंकांत बदलण्याची पद्धत) वापरतो. नाशिक आणि कोल्हापूर शाखांना मात्र प्रत्येकी २ एमबीपीएसची भाड्याची लाइन असल्यामुळे तिकडे कमी जागा घेणारे जी.७२९ लावले आहे.

गेटवेच्या माहितीपत्रकात ‘एकाच वेळी १२० कॉल’ असे स्पष्ट छापलेले आहे. एरवी ४०-५० कॉलच्या वर आम्ही जात नाही, त्यामुळे कधी शंका आली नाही. मृगाचा पाऊस पडला आणि पेरणीची घाई सुरू झाली, तेव्हा मात्र ८० कॉलच्या आसपास दोन गोष्टी घडू लागल्या. पीआरआयवर चॅनेल रिकामे दिसत असताना नवे कॉल नाकारले जातात, आणि जे चालू आहेत त्यांत आवाज तुटतो. प्रोसेसरचा वापर त्या वेळी ४५ टक्केच दिसतो आणि १०० एमबीपीएसच्या पोर्टवरचा भारही किरकोळ असतो. महिनाभरापूर्वी आम्ही एकच बदल केला होता : शाखांकडून बोलण्यात उशीर जाणवतो अशी तक्रार आल्यामुळे पॅकेटचा कालावधी, म्हणजे एका पॅकेटमध्ये भरल्या जाणाऱ्या आवाजाची लांबी, २० मिलिसेकंदांवरून १० वर आणला.

पुरवठादार मोठा गेटवे घ्या म्हणतो. पैसे खर्च करण्याआधी नेमकी मर्यादा कशाची आहे ते मला समजून घ्यायचे आहे, कारण वापसा आलेल्या रानात उभा राहून फोन लावणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावणे आम्हाला फार लागते.

मुळाकाठ

पहिली विनंती अशी की कॉल नाकारला जाणे आणि आवाज तुटणे ही दोन वेगळी दुखणी समजावीत. ती एकाच आकड्याजवळ दिसली म्हणून त्यांचे कारण एकच असेल असे नाही, आणि तुमच्या वर्णनावरून तर ते एक नाही अशी माझी जवळपास खात्री आहे.

कॉल नाकारण्याचे आधी पाहू. गेटवेमध्ये आवाजाचे रूपांतर डीएसपी चिप (ध्वनीवरच्या गणितासाठीच्या खास चिप) करतात आणि प्रत्येक कोडेकला त्यांचे सारखेच श्रम पडत नाहीत. जी.७११ मध्ये ई-१ वरून आलेले ६४ केबीपीएसचे नमुने जवळपास जसेच्या तसे पॅकेटमध्ये भरायचे असतात. जी.७२९ मध्ये त्याच आवाजाचे गणिती विश्लेषण करून तो ८ केबीपीएसमध्ये बसवायचा असतो. एक उघड उदाहरण देतो : सिस्कोच्या पीव्हीडीएम-२ मालिकेतले ६४ चॅनेलचे मॉड्यूल जी.७११ चे ६४ कॉल पेलते, जी.७२९ए (जी.७२९ ची हलकी आवृत्ती) चे ३२, आणि मूळ जी.७२९ चे केवळ २४. चिप तीच, पण आकडा निम्म्याच्याही खाली जातो. त्यामुळे माहितीपत्रकातला १२० हा आकडा खोटा नसतो. तो बहुधा सगळे कॉल जी.७११ चे आहेत असे धरून काढलेला असतो आणि ती अट बारीक अक्षरांत कुठेतरी खाली असते.

तुमच्या यंत्रात तशा ताकदीची दोन मॉड्यूल आहेत असे समजा. म्हणजे १२८ एकके झाली, जी.७११ चा कॉल एक एकक घेतो आणि जी.७२९ए चा दोन. शाखांकडे ४८ कॉल चालू असतील तर ९६ एकके तिथेच संपली, आणि उरलेल्या ३२ मध्ये पुण्याचे ३२ कॉल बसले. बेरीज बरोबर ८०. त्यानंतरचा कॉल पीआरआयवर चॅनेल मोकळे असूनही नाकारला जाणारच. गेटवेच्या व्यवस्थापन पानावर डीएसपीचा वापर बहुतेक वेगळा दिसतो. प्रोसेसरच्या ४५ टक्क्यांत तो कधीच दिसणार नाही. आकडा ८० च्या जवळ जाईल तेव्हा त्यातले किती कॉल जी.७२९ चे आहेत आणि डीएसपीची किती एकके शिल्लक आहेत, एवढे दोन-तीन दिवस लिहून ठेवा.

फॅक्स वापरत असाल तर टी.३८ चे (आयपीवरून फॅक्स पाठवण्याच्या पद्धतीचे) कॉलही याच हिशेबात धरावे लागतात. नसाल तर प्रश्नच नाही.

पॅकेट_मोजणारा

आवाज तुटण्याबद्दल मी लिहितो. माझा संशय थेट त्या १० मिलिसेकंदांवर आहे.

२० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये एका कॉलच्या एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेट जातात. १० केल्यावर १०० होतात. प्रत्येक पॅकेटवर ते पोहोचवण्यासाठी लागणाऱ्या नियमावल्यांचे, म्हणजे आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि आरटीपीचे १२, असे ४० बाइटचे शीर्षक असतेच. जी.७२९ मध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज २० बाइटचा, म्हणजे पॅकेट ६० बाइटचे आणि प्रवाह २४ केबीपीएसचा. १० मिलिसेकंदांत आवाज १० बाइटचा पण शीर्षक तेवढेच. पॅकेट ५० बाइटचे आणि प्रवाह ४० केबीपीएसचा. एका शाखेकडे २४ कॉल धरले तर ५७६ केबीपीएसच्या जागी ९६० केबीपीएस झाले, आणि इथरनेटची चौकट धरली तर १.३ एमबीपीएस. त्याच २ एमबीपीएसवर शाखेचा ईमेल आणि बाकीचा डेटाही जात असेल, तर आवाजाच्या पॅकेटना रांगेत उभे राहावे लागणारच. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ची, म्हणजे ‘आधी पुढे सोडा’ अशी, खूण आहे का आणि दोन्ही टोकांचे राउटर ती मानतात का, हे आधी तपासा.

याहून महत्त्वाची गोष्ट गेटवेच्या आत आहे. पॅकेट लहान असो की मोठे, ते उचलून पुढे ढकलण्याचा खर्च प्रोसेसरला जवळपास तेवढाच येतो, म्हणून इथे एमबीपीएसपेक्षा सेकंदाला किती पॅकेट येतात हा आकडा निर्णायक ठरतो. १२० कॉल २० मिलिसेकंदांवर चालवले तर दोन्ही दिशा मिळून १२,००० पॅकेट होतात. तुमचे ८० कॉल १० मिलिसेकंदांवर १६,००० करतात. म्हणजे ज्या ओझ्यासाठी यंत्राचा १२० हा आकडा सांगितला गेला असावा, त्याच्या सव्वापटीहून अधिक ओझे तुम्ही ८० कॉलमध्येच त्याच्यावर टाकले आहे.

राहिला ४५ टक्क्यांचा प्रश्न. तुमचा गेटवे लिनक्सवर चालत असेल आणि त्यात चार कोअर असतील, तर एक कोअर १०० टक्क्यांवर आणि उरलेले तीन २५-३० वर असले तरी सरासरी ४५ च निघते. नेटवर्क कार्डाचे सारे इंटरप्ट (पॅकेट आल्याचे प्रोसेसरला दिले जाणारे इशारे) अनेकदा एकाच कोअरवर येऊन पडतात. तो कोअर भरला की पॅकेट उशिरा निघतात किंवा टाकून दिली जातात, आणि सरासरीवर नजर ठेवणाऱ्याला काहीच कळत नाही. एमपीस्टॅट या लिनक्सच्या आज्ञेने प्रत्येक कोअर वेगळा पाहा. स्विचच्या आणि गेटवेच्या पोर्टचा डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना की आळीपाळीने पाठवायचे ही मांडणी) जुळतो का तेही एकदा बघून घ्या. एक बाजू हाफवर (आळीपाळीने) राहिली तर कमी भाराला सगळे सुरळीत वाटते आणि गर्दीत आवाज फाटतो.

उशीर कमी करण्याचा तुमचा हेतू रास्त होता, पण या बदलाने वाचतात ते साधारण १० मिलिसेकंद. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना चालतो असे म्हटले आहे. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत फायबरमधून प्रकाशाला दीड-दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. खरा उशीर जिटर बफरमध्ये (मागेपुढे येणारी पॅकेट सारखी करण्यासाठी थोडी थांबवणाऱ्या जागेत) साचतो, आणि तो बफर फुगतो रांगेमुळे. रांग मिटवली तर २० मिलिसेकंदांवरही तक्रार राहू नये.

जुना_एक्सचेंजवाला

वरची दोन्ही उत्तरे पटली. मी फक्त चॅनेलच्या बाजूने थोडे लिहितो, कारण गेटवे दुरुस्त झाल्यावर तुमची पुढची भिंत तीच असणार.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९१७ साली जे सूत्र मांडले, ते आजही इथे लागू पडते. १०० पैकी एकच कॉल नाकारला जावा अशी अपेक्षा असेल, तर ३० चॅनेलवर सुमारे २०.३ एर्लांग एवढीच वाहतूक घालता येते (एक चॅनेल सतत व्यस्त ठेवणारी वाहतूक म्हणजे एक एर्लांग). चार पीआरआय चार वेगळ्या क्रमांकांना बांधल्या असतील, म्हणजे एक विदर्भाची, एक मराठवाड्याची असे केले असेल, तर एकूण ८१ एर्लांग पेलतात. त्याच १२० चॅनेलचा एकच समूह केला तर १०३ च्या आसपास पेलतात. नवी लाइन न घेता एवढी वाढ मिळते, म्हणून तुमच्या दूरध्वनी कंपनीकडे लाइनची विभागणी कशी आहे ते नक्की विचारा.

सरासरी कॉल तीन मिनिटांचा असेल तर १०३ एर्लांग म्हणजे तासाला सुमारे २,०६० कॉल. मात्र या सूत्रात असे धरलेले असते की ज्याचा कॉल लागला नाही तो निघून जातो. पेरणीच्या दिवसांत शेतकरी निघून जात नाही, तो लगेच पुन्हा लावतो. त्यामुळे खरा नकार सूत्रापेक्षा जास्त येतो, आणि सेकंदाला येणाऱ्या नव्या कॉलची संख्याही झपाट्याने वाढते. कॉल जोडणे आणि तोडणे यांचे काम प्रोसेसरवर पडते, ती मर्यादा चालू कॉलच्या मर्यादेहून वेगळी असते. तुम्ही हवामानाच्या सल्ल्याचा एसएमएस सगळ्यांना एकाच वेळी पाठवत असाल, तर तो जिल्ह्यांनुसार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने पाठवून पाहा. यंत्राला हात न लावता गर्दी पसरते.

हेल्पलाइन_शिवाजीनगर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. आठवडाभर नोंदी ठेवल्या, त्या कळवतो.

पॅकेटचा कालावधी पुन्हा २० केला. चारपैकी एक कोअर खरोखरच सतत ९८-१०० टक्क्यांवर होता. आता तो ६० च्या आत आहे. कोल्हापूरच्या राउटरवर डीएससीपीची खूण पुसली जात होती, ती नीट केली. तेव्हापासून तुटक्या आवाजाची एकही तक्रार आलेली नाही, आणि उशिराची जुनी तक्रारही परत आली नाही. कॉल नाकारणे मात्र तसेच आहे : सोमवारी सकाळी ११ च्या सुमारास ८१ कॉल होते, त्यांत ४७ जी.७२९ चे, आणि डीएसपीची एकके संपलेली. हिशेब मुळाकाठ यांनी मांडला होता तसाच निघाला. पीआरआय चार वेगळ्या क्रमांकांनाच बांधलेल्या आहेत, त्यांचा एक समूह करण्याचा अर्ज दिला आहे.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत : डीएसपीचे आणखी एक मॉड्यूल बसवणे, किंवा शाखांच्या लाइन वाढवून तिकडेही जी.७११ करणे. आपण काय कराल?

मुळाकाठ

मी मॉड्यूल घेईन. शाखेचे २४ कॉल जी.७११ वर नेले तर २० मिलिसेकंदांतही आयपी पातळीला १.९२ एमबीपीएस लागतात, म्हणजे लाइन किमान दुप्पट करावी लागेल आणि तो खर्च दर महिन्याचा आहे. मॉड्यूल एकदाच घ्यायचे. तिसऱ्या मॉड्यूलने १९२ एकके होतील, तुमच्याकडे जी.७२९ चे कॉल निम्म्याहून थोडे अधिक असतात, त्या प्रमाणात १२० कॉलना सुमारे १९० लागतील. बसते, पण काठोकाठ. म्हणून पेरणीच्या दिवसांत पुण्यात चार-पाच सहकारी जास्त बसवता आले तर बसवा. तेवढे कॉल जी.७११ वर येतील आणि प्रत्येकी एक एकक सुटेल.

मॉड्यूल बसवल्यावर पेरणीची वाट न पाहता रविवारी सकाळी सिप-पी या चाचणी कॉल निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरने भार टाकून पाहा. त्यात शांतता न पाठवता खऱ्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण पाठवा, कारण शांततेत पॅकेट दाबली जात असतील तर चाचणी खोटी ठरते. ६०, ८०, १०० आणि १२० अशा प्रत्येक टप्प्यावर निदान अर्धा तास थांबा, आणि त्या वेळी कोणीतरी एका खऱ्या फोनवरून कोल्हापूरशी बोलत राहा.

हेल्पलाइन_शिवाजीनगर

मॉड्यूलची मागणी आज नोंदवली. चाचणीचे चारही टप्प्यांचे आकडे याच धाग्यावर लिहीन.