'हरखणे' आणि 'हरणे' यांचं काही नातं आहे का? मदत हवी आहे

मंडळी, आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. परवा तान्हा पोळा झाला. पुण्याहून आलेल्या पुतण्याचा (वय ६) लाकडी बैल मारुतीच्या देवळापुढे सजावटीत पहिला आला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर माझ्या जुन्या साडीच्या काठाची झूल. बक्षिसाचा डबा छातीशी धरून तो दारात आला, तर आजी म्हणाली, "कसा हरखला पा माहा पोट्टा!"

झालं. पोरगं रडायलाच लागलं. "मी हरलो नाही, पहिला आलो!" आजीनं पोटाशी धरलं, बोजारा म्हणून हातात वीस रुपये ठेवले, तेव्हा कुठे शांत झालं.

रात्री त्यानं विचारलं, "काकू, हरखणं म्हणजे हरणं नाही, तर मग काय?" मला धड सांगता येईना. आमच्याकडे रोजचा शब्द आहे हा. गाय व्याली की माणूस हरखतो, माहेरचं कोणी दारात दिसलं की बाई हरखते. आनंद मनातल्या मनातही राहतो; हरखलेलं माणूस मात्र समोरच्याला दिसतं. आजी "जिवाले हरिख वाटला" असंही म्हणते. भान हरपतं म्हणून हरखणे, असं एकांनी सुचवलं, पण मला ते पटलं नाही. पोराला खरं उत्तर द्यायचं आहे, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, नातं नाही. हरणे 'हृ' धातूचं, सीताहरणातलं हरण तेच. हरखणे आलं 'हर्ष'वरून, धातू 'हृष्'. त्याचा जुना अर्थ अंगावरचे केस उभे राहणं; 'रोमहर्ष'मध्ये तो अजून आहे. हरखलेलं माणूस दिसतं म्हणता, ते म्हणूनच. 'धर्म'चं धरम होतं तसं जोडाक्षर फुटलं, आणि विषाचं विख होतं तसा 'ष'चा ख झाला. आजींचा 'हरिख' ज्ञानेश्वरीतही आहे. कोणी अशुद्ध म्हटलं तर ऐकू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आजीला ज्ञानेश्वरीचं सांगितलं, तिनं हात जोडले. पोराला हातावरचा काटा दाखवून समजावलं, तर त्याचा नवा प्रश्न: पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं खांद शेकताना बैलाच्या अंगावर शहारा आला होता, तेव्हा तोही हरखला होता का?